पडदे नसलेलं वाद्य

ब्लॅक मेटल कधीच न ऐकलेल्या माणसाला ते ऐकवलं की तो आधी स्पीकर तपासतो. फाटलाय का? फाटलेला नसतो, रेकॉर्डिंगच तसं असतं. गिटार म्हणजे मिक्सरमध्ये सुकं खोबरं फिरल्यासारखी, ड्रम्स म्हणजे पत्र्यावर पडणाऱ्या गारा, आणि गाणारा गात नाही, घशाच्या आतल्या बाजूने किंचाळतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना हॉस्टेलवर मला अल-नमरूद हा सौदी अरेबियाचा बँड सापडला, तेव्हा त्यात हे सगळं होतंच. पण त्या गोंगाटाच्या मधोमध कुणीतरी ऊद वाजवत होतं. आपल्याकडे ऊद म्हटलं की धूप आठवतो. शब्द तोच, अरबीत त्याचा मूळ अर्थ लाकूड. हे वाद्य म्हणजे पोटाकडे फुगलेलं, आखूड मानेचं, जोडतारांचं लाकूड. इतक्या आवाजात ते दबून जायला हवं होतं. दबत नव्हतं.

हा बँड २००८ साली सुरू झाला. गाव अल खोबर, सौदीच्या पूर्व किनाऱ्यावरचं. (खोबऱ्याचा आणि खोबरचा काही संबंध नाही, मी शोधून पाहिलंय.) सदस्यांची खरी नावं कुणालाच ठाऊक नाहीत. एकाचं टोपणनाव मेफिस्टो, गाणाऱ्याचं हंबाबा, म्हणजे गिल्गामेशच्या कथेत देवदारांच्या जंगलाची राखण करणारा राक्षस. चेहरे ओळखू येतील असा फोटो नाही. देशात जाहीर कार्यक्रम कधी केलेला नाही. अल्बम निघतात ते कॅनडातल्या शैतान प्रॉडक्शन्स नावाच्या छोट्या लेबलवर. नमरूद म्हणजे बाबेलचा तो राजा, ज्याने इस्लामी परंपरेनुसार इब्राहीमला आगीत टाकलं आणि जो शेवटी नाकात शिरलेल्या एका डासाने मेला. बँडला असं नाव देणं म्हणजे आपल्याकडे हिरण्यकश्यपूच्या नावाने भजनी मंडळ काढण्यासारखं आहे. गाणी सत्तेवर, धर्मसत्तेवर, आणि इस्लामपूर्व अरबस्तानावर. २०१२ च्या अल्बमचं नाव ‘किताब अल-औथान’, मूर्तींचं पुस्तक.

हे ज्या देशात चालतं तिथे धर्मत्याग आणि ईशनिंदा यांना देहदंडापर्यंत शिक्षा होऊ शकते. रैफ बदावी नावाच्या माणसाने फक्त ब्लॉग लिहिला होता. त्याला २०१४ मध्ये १० वर्षं कैद आणि १,००० फटके अशी शिक्षा झाली, आणि त्यातले पहिले ५० जानेवारी २०१५ मध्ये जेद्दाच्या एका चौकात मारले गेले. त्याच वर्षी अल-नमरूदचा ‘दियाजी अल-जूर’ हा अल्बम आला.

आता या संगीताचं मूळ घर बघा. ‘ब्लॅक मेटल’ हे नाव १९८२ सालच्या, वेनम या इंग्लिश बँडच्या अल्बमवरून आलं, पण आज आपण ज्याला ब्लॅक मेटल म्हणतो ते घडलं नॉर्वेत, १९९० नंतरच्या चार-पाच वर्षांत. ओस्लो आणि बर्गनमधली विशीतली पोरं. तोंडाला प्रेतासारखा पांढरा-काळा रंग फासायचा आणि ख्रिस्ती धर्म आमच्या बापजाद्यांवर लादला गेला म्हणायचं. जून १९९२ मध्ये बर्गनजवळचं फानटॉफ्टचं जुनं लाकडी चर्च जळालं, मग आणखी बरीच. ऑगस्ट १९९३ मध्ये मेहेम बँडच्या युरोनिमसचा वर्ग विकेर्नेसने खून केला. विकेर्नेसला २१ वर्षं झाली, कारण नॉर्वेत त्याहून मोठी शिक्षाच नव्हती. २००९ मध्ये तो सुटलाही. मला त्या काळातले अल्बम आवडतात. डार्कथ्रोनचा ‘ट्रान्सिल्वेनियन हंगर’ मी आजही रात्रीच्या डिप्लॉयमेंटला लावतो. पण त्या बंडाकडे पाहिलं की प्रश्न पडतो, बंड नेमकं कुणाविरुद्ध? जगातल्या सर्वांत सुरक्षित देशांपैकी एकात, रविवारी अर्धी रिकामी असणारी देवळं जाळायची. खोबरच्या पोरांनी काहीच जाळलं नाही. त्यांना स्वतःचं नाव छापण्याचीसुद्धा सोय नाही.

पण निव्वळ धाडसापायी कुणी दहा वर्षं एखादा बँड ऐकत नाही. मी ऐकतो ते सुरांसाठी.

मी मिरजेचा. आमच्या गावात सतारी आणि तंबोरे बनतात. ते बनवणारी घराणी मूळची शिकलगार, हत्यारं घडवणारी. लढाया संपल्या आणि हात तंतुवाद्यांकडे वळले. शाळेतून येताना मी त्या गल्लीतून यायचो, त्यामुळे सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात आणि राग बदलला की ते थोडे वर-खाली सरकवतात, हे मला गिटार हातात येण्याच्या बरंच आधी माहीत होतं. गिटारचे पडदे मात्र लाकडात ठोकून बसवलेले. सप्तकाचे १२ समान भाग, त्यापलीकडे काही मागायचं नाही. आणि ऊदला पडदेच नाहीत. बोट ठेवाल तिथे स्वर.

अरबी संगीताचा सगळा जीव या न ठोकलेल्या जागांमध्ये आहे. त्यांच्याकडे रागासारखी चीज म्हणजे मकाम. हिजाज नावाचा मकाम घ्या: कोमल रिषभ, शुद्ध गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद. म्हणजे आपला वसंतमुखारी, खाली भैरव आणि वर भैरवी. त्यातला निषाद शुद्ध केला की हिजाजकार, म्हणजे थेट भैरवाचे स्वर. हे दोन्ही गिटारवर आरामात वाजतात. म्हणूनच पाश्चात्त्य मेटलमध्ये वाळवंट दाखवायचं असलं की हिजाज वाजतो. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायनातला नाईल हा बँड पिरॅमिडांवर गाऊन मोठा झाला. बँड उत्तमच आहे, पण ऐकताना आपण तिकीट काढून उंटावर बसलोय असं वाटतं.

खरी गंमत रास्त, बयाती आणि सबा या मकामांत आहे. बयातीचा दुसरा स्वर आपल्या कोमल आणि शुद्ध रिषभाच्या साधारण मध्ये पडतो. त्याला पाव सूर म्हणू. १९व्या शतकात लेबनॉनच्या मिखाईल मिशाकाने सप्तकाचे २४ समान भाग मांडून हे गणितात बसवलं. पण गणितात बसवलं म्हणून गळ्यात बसलं असं होत नाही. १९३२ साली कैरोत राजा फुआदच्या आश्रयाने अरबी संगीताची मोठी परिषद भरली. बेला बार्टोक, पॉल हिंडेमिथ अशी माणसं युरोपातून आली होती. तिथे हाच वाद पेटला: २४ भाग समान मानायचे की नाही, आणि पियानोसारखी वाद्यं आत घ्यायची की नाही. कारण तोच बयातीचा रिषभ इजिप्तमध्ये एका उंचीवर लागतो आणि उत्तरेकडे सीरिया-तुर्कस्तानात दुसऱ्या.

हे वाचताना मला हसू आलं होतं, कारण हेच भांडण आमच्या शेजारी सांगलीत आधी होऊन गेलंय. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त सरकारी अधिकारी २२ श्रुती मोजायला बसले. १९१० साली त्यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. क्लेमेंट्स नावाच्या आयसीएस साहेबाबरोबर श्रुतींची हार्मोनियमही करवून घेतली. स्वर तपासायला गळा कुणाचा? अब्दुल करीम खाँसाहेबांचा, जे पुढे मिरजेत राहिले आणि आज मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात विसावलेत. ती हार्मोनियम काही चालली नाही. साध्या हार्मोनियमलाही आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत दार बंद ठेवलं, कारण तिच्या पट्ट्यांना मींड येत नाही आणि श्रुती कळत नाहीत. कैरोतल्या पियानोवरचा आक्षेप आणि दिल्लीतल्या पेटीवरचा आक्षेप शेजारी ठेवून वाचा, फक्त वाद्याचं नाव बदलावं लागेल.

मग पडदे ठोकलेली, वर डिस्टॉर्शन लावलेली गिटार या संगीतात कशी मिसळते? माझं उत्तर जरा तांत्रिक आहे. डिस्टॉर्शनमधून दोन स्वर एकत्र पाठवले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे आणखी स्वर तयार होतात. षड्ज-पंचम ही ३:२ ची जोडी स्वच्छ निघते, षड्ज-गंधाराचा चिखल होतो. त्यामुळे ब्लॅक मेटलमधली धून पुष्कळदा एकाच तारेवर, प्लेक्ट्रमने भराभर तोच स्वर पुन्हा पुन्हा छेडत पुढे सरकते. त्याला ट्रेमोलो पिकिंग म्हणतात. खाली एक गुणगुणता आधार आणि वर एकच लांब ओळ. मकाम संगीतही असंच आहे. त्यात पाश्चात्त्य अर्थाची हार्मनी नाही, सगळी वाद्यं एकच धून आपापल्या वळणाने वाजवतात. आणि ऊदवरही एकच तार अशीच थरथरवत ठेवतात. त्याच्या प्लेक्ट्रमला रीशा म्हणतात, म्हणजे पीस, कारण पूर्वी ते गरुडाच्या पिसाचं असायचं. गिटारवर हे झपाट्याने छेडणं जगभर पोचवलं डिक डेलने, १९६२ च्या ‘मिसरलू’त. तोच डेल ज्याचं खरं नाव रिचर्ड मन्सूर, ज्याचे वडील लेबनीज वंशाचे आणि काका ऊद वाजवणारे. नॉर्वेच्या पोरांनी ते डेलकडून घेतलं असं मी म्हणत नाही. पण खोबरमध्ये गिटार आणि ऊद भेटले तेव्हा ते अगदीच अनोळखी नव्हते.

जिथे पाव सूर हवा तिथे अल-नमरूद तो ऊद, कानून किंवा कीबोर्डकडे सोपवतो (अरब बाजारासाठीच्या कीबोर्डवर हवा तो स्वर पाव उतरवायची बटणं असतात), आणि गिटार त्याच्या कडेने सरकते. दोघांमध्ये किंचित भांडण राहतं. मिक्सिंगच्या दृष्टीने तो दोष असेल. मला तोच आवडतो.

नोकरीला लागल्यावर एका प्रोजेक्टसाठी आठ महिने मी खोबरला होतो. योगायोगच. रूम शेअर करायला मिळाले ते खेडचे एक भाई, वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, एका साइटवर सेफ्टी ऑफिसर. घरी फोनवर कोकणी, माझ्याशी मराठी, दुकानदाराशी अरबी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्यासाठी वेगळी कढई आणली, न मागता. संध्याकाळी मी समुद्राकाठी चालायला जायचो, कानात अल-नमरूद. बाकावर बसलेले बाप, आइस्क्रीम खाणारी पोरं, स्केटबोर्डवाले कॉलेजकुमार. यांच्यातलाच कुणीतरी असेल. हा? तो जाडा चष्मेवाला? आता ते याच शहरात आहेत की नाहीत याची खात्री नव्हती, तरी मी बघायचो.

एका शुक्रवारी जेवणानंतर भाई म्हणाले, “रोज काय ऐकतोस एवढं? दे एक बाजू.”

मी ज्या गाण्याची सुरुवात नुसत्या वाद्यांची होती ते लावलं. ऊद, मागे डफासारखं काहीतरी. भाईंनी डोळे मिटले. मग म्हणाले, “हे तर बांगेचे सूर.”

मी नंतर पडताळून पाहिलं. मक्केची अजान पुष्कळदा हिजाजमध्ये दिली जाते. कुराणाचं पठण करणारे कारी बहुधा बयातीने सुरुवात करतात आणि शेवटी बयातीतच येऊन थांबतात. भाईंना मकामांची नावं माहीत नव्हती, पण लहानपणी मदरशात तजवीद शिकलेला कान होता. मला जे ‘फ्यूजन’ म्हणून ऐकू येत होतं ते त्यांना दिवसातून पाच वेळा ऐकू येतं. ज्या श्रद्धेवर तो बँड किंचाळतोय, तिच्याच सुरात किंचाळतोय. दुसरा सूर त्याच्याकडे नाहीच.

मग हंबाबा सुरू झाला. भाईंनी दहा-बारा सेकंद ऐकलं, इअरबड काढला, कुर्त्याला पुसला आणि परत दिला.

“शब्द कळले?” मी विचारलं.

“थोडे. सगळे कळू नयेत म्हणून तर काढला.” जरा वेळाने म्हणाले, “इथलीच पोरं का?”

“हो. खोबरचीच म्हणतात.”

“त्यांच्या आयांना माहीत असेल?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. भाईंनी भांडी आवरायला घेतली. मला ते गाणं बंद कर म्हणाले नाहीत, आणि त्यानंतर त्याबद्दल कधी बोललेही नाहीत.

हे फक्त सौदीचं नाही. मेलेकेश हा बँड १९९३ मध्ये जेरुसलेमला सुरू झाला. त्याचा प्रमुख अश्मेदी आर्मेनियन-सिरियाक वंशाचा. सुमेरच्या दंतकथा आणि पूर्वेकडच्या स्वरावली त्याने ब्लॅक मेटलमध्ये ज्या सहजतेने आणल्या तसं त्याआधी कुणी केलं नव्हतं. ‘जिन’ आणि ‘एमिसरीज’ हे अल्बम ऐकाच. जेरुसलेममध्ये त्यांच्यावर काळ्या पंथाचा आरोप आला, आणि पुढे बँड युरोपात गेला. जानेवारी १९९७ मध्ये इजिप्तच्या पोलिसांनी सुमारे १०० तरुणांना सैतानपूजक म्हणून उचललं. पुरावा काय, तर काळे टी-शर्ट आणि कॅसेट. काहीच सिद्ध न होता बहुतेकांना सोडावं लागलं. २००३ मध्ये कासाब्लांकात १४ जणांना एक महिना ते एक वर्ष अशा शिक्षा झाल्या. तिथे मात्र लोक रस्त्यावर उतरले आणि अपिलात बहुतेक सुटले.

पुण्यात परत आल्यावर आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एकाने अल-नमरूदची लिंक टाकली. खाली लिहिलं होतं, बघा, आता त्यांचेच लोक म्हणायला लागले. त्यावर हसण्याच्या इमोजींची रांग, मग ‘मूर्तींचं पुस्तक’ या नावावरून काबा मुळात आपलाच होता वगैरे. पु. ना. ओकांची पुस्तकं ज्यांच्या घरात आहेत त्यांना हा रस्ता पाठ असतो. मी त्याला विचारलं, गाणं शेवटपर्यंत ऐकलंस का? तो म्हणाला, ऐकायची काय गरज.

मला राग आला तो इथे. त्या पोरांनी मान पणाला लावून जे केलं, ते याच्यासाठी फॉरवर्ड करायचा माल आहे. त्यांची शिवी त्यांच्या मानेवर बसलेल्या सत्तेला आहे. तीच शिवी पुण्यातल्या सोफ्यावरून दिली की ती खेडच्या भाईंना लागते, ज्यांची कुठेच कसली सत्ता नाही. तुकोबा विठ्ठलाशी भांडले, पण तो त्यांचा विठ्ठल होता. शेजाऱ्याच्या देवाशी भांडायला धैर्य लागत नाही, आणि आजच्या महाराष्ट्रात तर नाहीच.

त्याला मी एवढंच लिहिलं की असा बँड आपण आपल्या देवांवर काढू, भैरवात रिफ मी बसवतो, शब्द तू लिही, खाली नाव तुझं. तो ऑफलाइन गेला. पोकळ धमकी होती हे मलाही ठाऊक आहे. १९२७ सालचं २९५अ कलम आता भारतीय न्याय संहितेत २९९ म्हणून बसलंय, आणि कलमाच्या आधी माणसं येतात. कॉलेजात एका मित्राबरोबर मी खरंच भैरवात तीन रिफ बसवले होते. शब्दांची वेळ आली तेव्हा आम्ही दोघंही बराच वेळ ट्यूनिंग करत बसलो. ते रिफ अजून लॅपटॉपवर आहेत, शब्दांशिवाय.

सौदी दरम्यान बदललंय. २०१८ मध्ये सिनेमागृहं उघडली. डिसेंबर २०२३ मध्ये रियाधच्या साउंडस्टॉर्म महोत्सवात चक्क मेटालिका वाजली. मी त्याचे व्हिडिओ पाहिले. हजारो हात वर, त्यात अबायातले हातही. छान वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मेटालिका हा आता सरकारं पाहुणा म्हणून बोलावतात असा बँड आहे. राज्याने मोठ्या आवाजाला परवानगी दिली, शब्दांना नाही. अल-नमरूदला अजून चेहरा नाही.

गेल्या दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा माझी जुनी गिटार सोबत नेली आणि त्या गल्लीतल्या एका कारागिराकडे दिली. पडदे उपटून खाचा भरून द्या म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी सतारीचा भोपळा भाजीला मागितला होता. पण काम सुबक केलं. खाचांत पातळ लाकडी पट्ट्या, वर पॉलिश. घ्यायला गेलो तर म्हणाले, वाजवून दाखवा आता. मी बयातीचा दुसरा स्वर शोधत होतो आणि बोट सारखं जुन्या सवयीने ठोकलेल्या जागी जात होतं. थोडा वेळ त्यांनी ऐकून घेतलं. मग पुढे वाकून माझं बोट धरलं आणि तारेवरून केसभर मागे सरकवलं.

“इथं,” म्हणाले. “आता सोडू नका.”